पॅनेलपासून पुढे वायर कुठे जाते?

प्रश्न थोडक्यात असा. मुलगा 23 वर्षांचा, पुण्याचाच. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा झालाय, दीड वर्ष एका रूफटॉप सोलर कंपनीत साइट इंजिनियर आहे, हातात 18,000 रुपये पडतात. आईबाबा म्हणतात महावितरणच्या भरतीची तयारी कर. मित्र म्हणतो 40,000 रुपये भरून 'सोलर डिझाइन'चा ऑनलाइन कोर्स कर, पगार दुप्पट होईल. तो विचारतो: रिन्युएबलमध्ये खरंच भविष्य आहे की नुसती हवा आहे? आणि पुणे न सोडता जमेल का?

तुला अरे-तुरे करतेय, राग मानू नकोस. माझा मुलगा तुझ्याहून दोनच वर्षांनी लहान आहे. मी 1997 साली डिप्लोमा करून टेस्टिंगच्या कामाला लागले. आधी भोसरी-चिंचवडच्या कारखान्यांची सबस्टेशनं, मग सात-आठ वर्षं साताऱ्याकडच्या आणि धुळ्याकडच्या पवनचक्क्या, आणि गेली दहा-बारा वर्षं बरंचसं सोलर. आता चार पोरांची छोटी टीम आहे. तेव्हा हे मत टाँग टेस्टर (करंट मोजायचा चिमटा) गळ्यात अडकवून फिरलेल्या बाईचं आहे, एचआरचं नाही.

आधी हवेचं बोलू. जून 2025 मध्ये देशाच्या स्थापित वीजक्षमतेपैकी निम्मी क्षमता कोळसा, गॅस आणि डिझेल सोडून इतर स्रोतांची झाली. सूर्य, वारा, पाणी, अणू सगळं धरून. एकट्या सोलरने त्याच वर्षी जानेवारीत 100 गिगावॉट ओलांडले. 2030 पर्यंत अशा सगळ्या बिगर-कोळसा स्रोतांचं मिळून 500 गिगावॉटचं लक्ष्य आहे. हे सगळं खरं. पण क्षमता निम्मी म्हणजे युनिटं निम्मी, असा हिशोब नसतो, आणि तू बसवतोस त्याच पॅनेलवरून तो कळतो. 1 किलोवॉटमधून पुण्यात दिवसाला सरासरी 4 युनिटं निघतात, आषाढात त्याहून कमी. कोळशाचा 1 किलोवॉट रात्रंदिवस चालवला तर 24 च्या जवळ जातो. म्हणून आजही देशातली सुमारे 70 टक्के वीज कोळशाची आहे. आणि संध्याकाळी साडेसातला, जेव्हा घरोघरी मिक्सर, एसी, टीव्ही एकदम चालू होतात, तेव्हा तुझं पॅनेल झोपलेलं असतं.

आता यातून बहुतेक लोक एक तर 'सोलरच सगळं' किंवा 'सोलर फसवं' असा निष्कर्ष काढतात. मी काढते तो वेगळा. दुपारी धो-धो येणारी आणि संध्याकाळी गायब होणारी वीज जुन्या तारांवर, जुन्या रोहित्रांवर (ट्रान्सफॉर्मरवर), जुन्या ब्रेकरांवर सांभाळायची आहे. ती सांभाळणारी माणसं कमी आहेत. पॅनेल चढवणारी भरपूर आहेत. तू आज पॅनेलपाशी उभा आहेस. तिथून पुढे वायर कुठे जाते, ते शिकत जा. माझ्या उत्तराचा जीव एवढाच आहे, बाकीचा सगळा तपशील.

एक गंमत विचारते. भोसरी, पिंपरी, चिंचवडच्या कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी का असते? दत्ताचा वार म्हणून नाही. विजेचा भार आठवड्यावर वाटून देण्यासाठी वेगवेगळ्या औद्योगिक भागांना वेगवेगळे सुट्टीचे वार लावून दिले, त्यात आपल्या वाट्याला गुरुवार आला. टंचाई गेली, वार चिकटून राहिला. माझ्यासारख्यांची भाकरी त्या गुरुवारवर शिजते, कारण शटडाऊन त्याच दिवशी मिळतो. सकाळी आठला परमिट, लाईन बंद, डिस्चार्ज रॉड लावायचा, अर्थ करायचं, मग रोहित्राचं तेल, ब्रेकरची टायमिंग, रिलेची (बिघाड ओळखून ब्रेकर पाडणारं यंत्र) सेकंडरी इंजेक्शन, म्हणजे मुद्दाम करंट देऊन चाचणी, केबलचं मेगर, म्हणजे इन्सुलेशनची तपासणी, आणि संध्याकाळी सहाला चार्ज करून द्यायचं. दुसऱ्या दिवशी पहिली पाळी उभी राहिली नाही तर फोन आपल्यालाच.

मी नवीन असतानाचा एक शुक्रवार सांगते. भोसरीतली एक फाउंड्री, नाव नको. गुरुवारी काम झालं, शुक्रवारी सकाळी कारखाना सुरू झाला आणि 22 के.व्ही.च्या पॅनलवरचा एक ॲमीटर शून्य दाखवायला लागला. मी म्हटलं, मीटरच गेला असणार, बदलून टाकू. भट्टीचा लोड चालू होता. मी सरळ मीटरमागची सीटीची (मोठा करंट मोजण्यासाठी लहान करून देणारा ट्रान्सफॉर्मर) वायर ढिली केली, शॉर्टिंग लिंक, म्हणजे दोन टोकं जोडणारी पट्टी, न लावता. टर्मिनलमधून 'चर्र' असा आवाज आला, निळी ठिणगी ताणली गेली आणि बॅकेलाइट जळल्याचा तो वास. मी मागे सरकले, म्हणजे पायच सरकले. आमच्यासोबत एक वयस्क वायरमन होते, त्यांनी ओरडून लोड उतरवायला लावला, मग शांतपणे येऊन लिंक लावली. म्हणाले, "ताई, सीटी उघडी सोडायची नाही, पीटी शॉर्ट करायची नाही. जेवायला बसताना 'वदनी कवळ'च्या जागी म्हणत जा." पीटी म्हणजे व्होल्टेज मोजण्यासाठीचा तसाच ट्रान्सफॉर्मर. सीटीचं कारण साधं आहे. प्रायमरीतून करंट वाहत असताना सीटीची सेकंडरी, म्हणजे मीटरकडची बाजू, उघडली की तिच्या टोकांना हजारो व्होल्ट उभे राहू शकतात. हे मी डिप्लोमाच्या पेपरात लिहिलं होतं, मार्कही मिळाले होते.

हे सांगण्याचं कारण असं की तुझ्या मित्राच्या 40,000 च्या कोर्समध्ये हे नसणार. तिथे सॉफ्टवेअर शिकवतील. पीव्हीसिस्ट या सोलर डिझाइनच्या सॉफ्टवेअरची 30 दिवसांची चाचणी आवृत्ती फुकट मिळते, ती उतरवून घे आणि तू स्वतः बसवलेलीच एक सिस्टीम त्यात काढ. पाण्याच्या टाकीची सावली टाक, शेजारच्या बिल्डिंगची टाक, मग सॉफ्टवेअर वर्षाला किती युनिटं म्हणतं आणि ग्राहकाच्या सोलरच्या जनरेशन मीटरवर प्रत्यक्षात किती दिसतात, ते शेजारी शेजारी मांड. तो एक कागद मुलाखतीला घेऊन आलास तर प्रमाणपत्राच्या गठ्ठ्याकडे मी बघणार पण नाही.

मी मुलाखतीत काय विचारते तेही सांगून टाकते, आता प्रश्न फुटला तर फुटला. 1000 व्होल्ट मर्यादेचा इन्व्हर्टर (पॅनेलची डीसी वीज एसी करणारा) आहे. पॅनेलचं ओपन सर्किट व्होल्टेज, म्हणजे काही जोडलेलं नसतानाचं, 49.5. एका स्ट्रिंगमध्ये, म्हणजे एकापुढे एक जोडलेल्या माळेत, 20 पॅनेल लावली. चालेल का? दहातले सात जण 20 गुणिले 49.5 करून 990 काढतात आणि 'चालेल' म्हणतात. मग मी म्हणते, डिसेंबरची पहाट आहे, पुण्यात पारा 8 अंशांवर आहे, सूर्य नुकताच वर आलाय. पॅनेलवर छापलेला आकडा 25 अंशांचा असतो. थंडीत व्होल्टेज वाढतं, डेटाशीटवर अंशामागे उणे 0.27 टक्के असं काहीतरी लिहिलेलं असतं. 17 अंशांचा फरक म्हणजे साधारण 4.6 टक्के. 990 चे झाले 1035. इन्व्हर्टर त्या सकाळी एक तर चालू होणार नाही किंवा जळेल, आणि कंपनी वॉरंटी नाकारेल. गणित आठवीतलं आहे. पण डेटाशीटची दुसरी ओळ वाचायची सवय लागते.

आता तुझ्या सध्याच्या कामाबद्दल. फेब्रुवारी 2024 मध्ये पीएम सूर्यघर योजना आली, 3 किलोवॉटला 78,000 रुपये अनुदान सुरू झालं आणि गल्लीगल्लीत दोन विक्रेते उभे राहिले. स्पर्धा इतकी की बचत होते ती स्ट्रक्चरच्या जाडीत, केबलच्या प्रतीत आणि तुझ्यासारख्याच्या पगारात. 18,000 मध्ये तू सर्व्हे करतोस, मजूर सांभाळतोस, महावितरणच्या पोर्टलवर कागद चढवतोस आणि ग्राहकाच्या शिव्या खातोस, बरोबर? त्यातली एक शिवी तर ठरलेली: "सोलर लावलंय ना, मग लाइट गेल्यावर घरात अंधार कसा?" ग्रीड गेली की इन्व्हर्टरने 2 सेकंदांच्या आत स्वतःला तोडलंच पाहिजे, नाही तर खांबावर चढलेल्या माणसाला तुझं पॅनेल मारेल. हे ग्राहकाला आधी सांगणारा सेल्समन मला अजून भेटायचाय.

पण या दीड वर्षाला कमी लेखू नकोस. गेल्या वर्षी कोथरूडच्या एका सोसायटीत आम्हाला बोलावलं होतं. सिस्टीम आठ महिन्यांची, गच्चीवर, एक स्ट्रिंग अधूनमधून बंद पडायची. बसवणाऱ्या कंपनीचे लोक तीनदा येऊन इन्व्हर्टर रीसेट करून गेले होते. आमच्या पोराने थर्मल कॅमेरा फिरवला तर एका कनेक्टरजवळ पिवळा-पांढरा डाग. उघडून बघितलं, नर एका कंपनीचा, मादी दुसऱ्या कंपनीची. दिसायला सारखे, 'टक' करून बसतातही, पण आतली धातूची पकड वेगळी. वर क्रिंपिंग, म्हणजे वायरच्या टोकावरचा जोड, साध्या पकडीने दाबलेलं, क्रिंपिंग टूलने नाही. प्लॅस्टिक वितळून त्याचा रंग तपकिरी झाला होता आणि खाली वाळलेली पानं होती. डीसीचा आर्क एसीसारखा दर क्षणाला शून्यावरून जात नाही, एकदा पेटला की ताणून धरतो. एसी बाजूचा ब्रेकर पाडलास तरी गच्चीवरच्या त्या वायरीत 600-700 व्होल्ट असतातच. सूर्याला शटडाऊन देता येत नाही. तुझ्या हाताखालच्या मजुराला हे माहीत आहे का, हे एकदा विचारून बघ.

तर अशा जळलेल्या कनेक्टरांची, बंद स्ट्रिंगांची, चुकीच्या अर्थिंगची पुढच्या पाच-सात वर्षांत रांग लागणार आहे. आज घाईघाईने जे चढवलं जातंय ते उद्या कुणीतरी तपासायचंय. माझ्या मते पुणे शहरात राहून सोलरमध्ये टिकायचं असेल तर बसवण्यापेक्षा तपासणी आणि दुरुस्तीत जास्त दम आहे.

आणि एकाच यंत्राला चिकटून राहू नकोस, हे मी वाऱ्यात शिकले. चाळकेवाडीच्या पठारावर किंवा पाटणकडच्या वनकुसवड्याला गेलास तर अजूनही जुन्या पवनचक्क्या दिसतात. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातली ताकद आठपट होते, म्हणून जूनपासून सप्टेंबरपर्यंत तिथे मशीन बंद ठेवणं म्हणजे पाप. सगळी देखभाल पावसाआधी. सुझलॉनसारखी कंपनी पुण्यात, आजूबाजूला गिअरबॉक्स, ब्लेड, टॉवरवाले, त्यामुळे 2005 ते 2015 च्या काळात पुण्यातल्या इंजिनियरला पवनऊर्जा म्हणजे सोन्याची खाण वाटायची. फेब्रुवारी 2017 मध्ये देशातला पहिला पवनऊर्जेचा लिलाव झाला आणि दर निघाला युनिटला 3 रुपये 46 पैसे. त्याआधी वीज नियामक आयोग ठरवून देईल तो, याहून बराच वरचा दर मिळायचा. राज्यांनी जुन्या दराने करार करायला हात आखडता घेतला. ऑर्डरी सुकल्या. माझ्या ओळखीतली कितीतरी माणसं घरी बसली. त्यात एक फरक मला ठळक दिसला. ज्याला फक्त त्या एका मॉडेलचा कंट्रोलर यायचा, तो वर्षभर नोकरी शोधत होता. ज्याला 33 के.व्ही. यार्ड (उघड्यावरचं सबस्टेशन), रिले, रोहित्र येत होतं, तो पुढच्या महिन्यात सोलर पार्कवर रुजू झाला. यार्डला काय, पाठीमागे वारा आहे की सूर्य, फरक पडत नाही. (वारा आता परत येतोय. सगळ्यात चांगल्या जागांवर सगळ्यात जुनी, बुटकी मशीनं बसली आहेत, ती काढून मोठी बसवायचं केंद्राचं धोरण 2023 मध्ये आलंय. पण 100 मीटरच्या वर चढून बोल्ट आवळायची तयारी असेल तरच तिकडे बघ.)

महावितरण. आईबाबा चुकीचं सांगत नाहीयेत. जुन्या वीज मंडळाचे जून 2005 मध्ये तुकडे झाले, निर्मिती, पारेषण, वितरण. आपल्याकडे सगळे फक्त 'एमएसईबी' म्हणतात आणि महावितरणचाच अर्ज भरतात. तुला माझा सल्ला, महापारेषणच्या जाहिरातींवरही नजर ठेव. 220 आणि 400 के.व्ही.च्या उपकेंद्रात चार वर्षं काढलेला माणूस खासगीत कुठेही जाऊ शकतो. लोणीकंदचं 400 के.व्ही. उपकेंद्र तुझ्या घरापासून तासाभरावर आहे, शिक्रापूरला पॉवरग्रिडचं 765 के.व्ही.चं. कॉलेजात असताना कुणी तुम्हाला तिथे नेलं का? नसेलच.

भरतीबद्दल दोनच गोष्टी. एक, जाहिरात नियमित येत नाही, त्यामुळे नोकरी सोडून 'फुल टाइम तयारी' करू नकोस. पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये अशी तयारी करणारी पोरं तिशीत पोचलेली मी बघते. दोन, पेपरात नुसतं तांत्रिक नसतं, बुद्धिमापन, अंकगणित, मराठीही असतं, आणि इंजिनियर मुलं नेमकी तिथे मार खातात. रोज दीड तास, कामावरून आल्यावर, एवढं पुरे. आणि लागलीच नोकरी तर ती सुखाची आहे असं समजू नकोस. वळवाच्या पावसात झाड तारेवर पडलं की रात्री दोन वाजता कनिष्ठ अभियंत्याचाच फोन वाजतो, आणि ग्राहकाला वाटतं की मुद्दाम लाइट घालवली.

आता पुणे. इथे माझं उत्तर तुला आवडणार नाही. पुण्यात ऑफिसं आहेत, साइट बाहेर आहे. हडपसर, बाणेर, हिंजवडीत बसून जे लोक राजस्थानातल्या भडल्याची किंवा कच्छमधल्या खावड्याची प्लॅंट सांभाळतात, त्यातल्या बऱ्याच जणांनी आधी तिथली धूळ खाल्लेली असते. मोठ्या सोलर पार्कचं गणित असं की बांधकाम चालू असताना शेकडो माणसं लागतात आणि चालू झाल्यावर बोटांवर मोजण्याइतकी उरतात: दोन-तीन इंजिनियर, काही टेक्निशियन, बाकी पॅनेल धुणारे आणि वॉचमन. तेव्हा बांधकामाच्या शेवटच्या टप्प्यात, म्हणजे कमिशनिंगला, तू तिथे असायला हवास. फाउंडेशनच्या टप्प्यात जाऊन खड्डे मोजत बसलास तर सहा महिन्यांनी साइट संपते आणि तुझ्या हाताला काही लागलेलं नसतं. पंचविशीच्या आत दोन-तीन वर्षं बाहेर काढ. नंतर लग्न, आईबाबांचं दुखणंखुपणं, सगळं येतं आणि पाय निघत नाही.

मुलींसाठी एक वाक्य मध्येच, कारण हे वाचणाऱ्यांत त्याही असतील. मी सुरुवात केली तेव्हा साइटवर बायकांसाठी संडास नसायचा, आणि एका ठिकाणी मला 'मॅडम, तुम्ही रिपोर्ट लिहा, यार्डात आमची माणसं जातील' म्हणून कंट्रोल रूममध्ये बसवून ठेवलं होतं. मी दोन महिन्यांत ती नोकरी सोडली. आता परिस्थिती पुष्कळ बरी आहे. तरीही मुलाखतीत राहायची आणि रात्रीच्या वाहनाची सोय विचारायला लाजू नका.

पुण्याच्या जवळ राहायचंच असेल तर तीन वाटा मला दिसतात. पहिली, मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2.0. शेतीचा भार असलेल्या सबस्टेशनच्या 5 ते 10 किलोमीटरच्या आत छोटे सोलर प्रकल्प, जमीन भाड्याने, हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये. हेतू असा की शेतकऱ्याला पंपासाठी रात्री दोनला उठावं लागू नये, दिवसा वीज मिळावी. हे प्रकल्प एका जागी नसून तालुक्यातालुक्यात विखुरलेले आहेत, म्हणजे पाच-सहा प्लॅंट मिळून एक फिरता इंजिनियर लागणार. मोटारसायकल, लॅपटॉप, मेगर आणि गावकऱ्यांशी बोलायची जीभ. शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, कारण पॅनेलखालच्या गवतात कुणाच्या शेळ्या चरतात यावरून तिथे रिले सेटिंगपेक्षा जास्त भांडणं होतात.

दुसरी, हिंजवडी-पिंपरीकडची डेटा सेंटरं. ती रिन्युएबल नाहीत, पण विजेचं काम तिथे अत्यंत शिस्तीचं असतं. यूपीएस, जनरेटर, ब्रेकर, लिहिलेली कार्यपद्धती, एक पायरी चुकली तर चौकशी. तिथून शिकून आलेला माणूस बॅटरी प्रकल्पावर सहज रुळतो.

तिसरी वाट जरा लांबची, पण तुझ्या वयाला योग्य. साठवण. दुपारची सोलर वीज वापरून पाणी वरच्या तलावात चढवायचं आणि संध्याकाळी तेच सोडून वीज करायची. महाराष्ट्राला हे नवीन नाही. घाटघरला 250 मेगावॉटचा असा प्रकल्प आहे, भिऱ्याला 150 मेगावॉटचा. 2023 मध्ये टाटा पॉवरने राज्य सरकारशी शिरवता इथे 1,800 आणि भिवपुरीला 1,000 मेगावॉटच्या प्रकल्पांसाठी करार केला. शिरवता आपल्या मावळात आहे. शंभर वर्षांपूर्वी, 1915 मध्ये खोपोलीत जी वीज पहिल्यांदा तयार झाली ती याच डोंगरावरच्या पाण्यावर, आणि 1921 मध्ये मुळशीच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी सत्याग्रह केला तोही याच परिसरात. मावळ-मुळशीच्या पाण्यावरची वीज मुंबईला गेली, जमिनी इथल्या बुडाल्या, हे विसरून या धंद्यात पडू नये असं मला वाटतं. असो. तुझ्या कामाचं एवढंच की मोठं फिरतं मशीन, त्याचा गव्हर्नर (वेग सांभाळणारा), एक्सायटेशन (व्होल्टेज सांभाळणारं) हे शिकवणारी माणसं निवृत्त होत चालली आहेत. सोलरवाल्या पोरांना इन्व्हर्टर कळतो, जनरेटर कळत नाही. डिप्लोमाचं मशीन्सचं पुस्तक रद्दीत घातलं नसशील अशी आशा आहे.

साइट अजिबातच नको असेल तर कागदावरचं कामही आहे, आणि ते हलकं नाही. दिवसाचे 15-15 मिनिटांचे 96 भाग करून प्रत्येक भागात किती वीज देणार हे आधी कळवावं लागतं, चुकलं तर दंड. ढग केव्हा येणार याचा अंदाज बांधून हे वेळापत्रक राज्यातल्या विजेचा ताळमेळ राखणाऱ्या ऐरोलीच्या राज्य भारप्रेषण केंद्राकडे पाठवणाऱ्या कंपन्यांना एक्सेलमध्ये पक्की आणि रात्रपाळी करणारी मुलं लागतात. ऊर्जा लेखापरीक्षण ही दुसरी बाजू. बीईईची, म्हणजे केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची, परीक्षा देता येते, पण डिप्लोमावाल्याला 6 वर्षांचा अनुभव लागतो, म्हणजे तुझ्यासाठी तिशीच्या जवळ. चार पेपर, त्यातला चौथा पुस्तक उघडून सोडवायचा, आणि तोच अवघड. धोरणाची आवड असेल तर पुण्यात 'प्रयास'चा ऊर्जा गट आहे, औंध रस्त्याला महाऊर्जा ही राज्याची ऊर्जा विकास संस्था आहे. 2006 साली पुण्यातलं भारनियमन थांबलं ते कुणी नवं वीजकेंद्र बांधलं म्हणून नाही. कारखान्यांनी गर्दीच्या वेळी आपले डिझेल जनरेटर चालवायचे, तेवढी ग्रीडची वीज शहराला सोडायची आणि जादा खर्च ग्राहकांनी थोडा आकार देऊन भरायचा, अशी व्यवस्था वीज नियामक आयोगाच्या मान्यतेने बसली. कुणीतरी कागदावर बसून ते गणित मांडलं होतं.

तर मी तुझ्या जागी असते तर काय केलं असतं? सध्याची नोकरी अजून सहा महिने, पण डोळे उघडे ठेवून. प्रत्येक साइटवर डीसी बाजू झाली की एसी बाजूला जायचं. मीटर, ब्रेकर, सोसायटीचा मेन पॅनल, बाहेरची डीपी. अर्थ पिटाचा रेझिस्टन्स स्वतः मोजायचा, आकडा वहीत. याच काळात विद्युत पर्यवेक्षकाच्या परवान्यासाठी अर्ज, डिप्लोमा आणि अनुभवाच्या दाखल्यावर. हा परवाना लोक फार उशिरा काढतात, आणि कंत्राटदाराकडे तो असलेल्या माणसाची किंमत लगेच वाढते. मग एखाद्या टेस्टिंग-कमिशनिंग करणाऱ्या छोट्या फर्ममध्ये जायचं, पगार तेवढाच मिळाला तरी. ओव्हरकरंट, अर्थ फॉल्ट, डिफरन्शियल, या तीन रिले स्वतःच्या हाताने इंजेक्ट करून ट्रिप वेळ काढता यायला लागल्या की तुला कुणाकडे नोकरी मागायला लागणार नाही. डिग्री हवी असेल तर डायरेक्ट सेकंड इयरचा विचार आत्ताच कर, नंतर होत नाही. ज्यांना कारखान्याच्या ऑफिसात वर चढायचंय त्यांना ती लागते. हाताचं काम करायचं असेल तर माझं तिच्यावाचून काही अडलं नाही, पण दोनदा बढती अडली, तेही सांगितलं पाहिजे.

40,000 रुपये वाचतील, त्यातून एक चांगला डीसीचा टाँग टेस्टर घे, 1000 व्होल्टला चालणारा, आणि इन्सुलेटेड हातमोजे. कंपनी देईल म्हणून थांबू नकोस.

आणि सध्याची कंपनी सोडायच्या आधी अनुभवाचं पत्र घे, सोडल्यावर मिळवताना चपला झिजतात. त्यात नुसतं 'साइट इंजिनियर म्हणून काम केले' असं नको. किती किलोवॉटच्या किती सिस्टीम, कोणत्या व्होल्टेजला, त्यात तुझं काम काय, अर्थिंग, केबलिंग, चाचणी, नेट मीटर जोडणी, हे एकेक लिहून घे, खाली तारीख, सही, शिक्का. मजकूर तूच टाइप करून ने, साहेब फक्त सही करतील.